रातांबे फोडायला

नखं लाल होती.

विनीतने भाकरी मोडली तेव्हा दर्शनाला ती दिसली. कोकणाबाहेरची बायको असती तर तिला भलतंच काही वाटलं असतं. दर्शनाला बघताक्षणी कळलं. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं. आणि कळलं म्हणूनच तिने हातातला घास ताटात ठेवला. तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या घरी रातांब्याचं झाड नव्हतं.

"कोणाकडे फोडलेस?"

"दिशाकडे. आठवडाभर जातोय, सुटल्यावर." आमटी वाढून घेत तो म्हणाला, "बरं वाटतं."

बरं वाटतं.

दिशा शाळेत त्याच्या वर्गातली. मिरजोळ्याला, एमआयडीसीच्या मागे राहते. आईबरोबर. आमसुलं करून विकते. उजळ आहे. नवरा नाही.

दर्शनाने ताटं उचलली. भांडी घासली.

विनीत मासळी गोठवणाऱ्या कंपनीत सुपरवायझर. गेल्या हिवाळ्यात त्याचा बीपी चढला. डॉक्टर म्हणाले, ध्यान करा. त्याने डोळे मिटले आणि दुसऱ्या दिवशीचे कंटेनर मोजले. मग डॉक्टर म्हणाले, राहू दे, चाला, गाणी ऐका, मातीत हात घाला, मन रमेल असं काहीही करा. विनीतने मान डोलावली. केलं दर्शनाने.

चालणं. मांडवीला तिनेच ओढून नेलं. तो समुद्राकडे पाठ करून फोनवर बोलत राहिला.

गाणी. तिने निवडून लावली. "बारीक कर जरा."

माती. गॅलरीत कुंड्या आल्या. पाणी तीच घालते.

हसणं—

हसणं जाऊ दे.

ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये काउंटरवर बसते. तिथल्याच एकाकडून बीपीचं मशीन आणलं होतं, रोज जेवणाआधी तीच पट्टा बांधायची. या आठवड्यात आकडा उतरला. तिने श्रेय दुधीच्या रसाला दिलं. शेजारच्या दोघींना सांगूनही झालं.

दुधी!

दुसऱ्या दिवशी ती लॅबमधून लवकर निघाली. मिरजोळ्याची रिक्षा केली. वाटेत वाक्यं जुळवली. पहिलं सभ्य होतं. बाकीची नव्हती.

दिशा पडवीत पाय पसरून बसली होती. पुढ्यात रातांब्यांचा ढीग, एका बाजूला सालींचं पातेलं, दुसऱ्या बाजूला बियांचं. कोपऱ्यात तिची म्हातारी आई खुर्चीत पेंगत होती.

"या वहिनी. तो नाय आला अजून."

तो. वर्गातली माणसं एकमेकांना तसंच म्हणतात. तरी लागलं.

"ठाऊक आहे. मी तुमच्याकडेच आलेय."

"मग बसा की."

बसायचं नव्हतं. पण पडवीचं छप्पर इतकं उतरतं होतं, की उभं राहून भांडायचं तर डोकं आपटलं असतं. ती बसली.

"काय बोलता दोघं?"

"काय नाय."

"तासभर?"

"पयल्या दिवशी मी विचारलं, कंपनी काय म्हणते. तो म्हणाला, तेवढं विचारू नको. परत नाय विचारलं."

"माझ्याबद्दल बोलत असेल."

"नाय हो."

हे जास्त लागलं.

"हसतो?"

"एकदा हसला. बी उडाली ती आईच्या चष्म्यावर जाऊन बसली. मग आम्ही तिघंही."

तिघंही. दर्शनाने तो हसताना कसा दिसतो ते आठवून पाहिलं. लग्नातला फोटो आठवला. त्यात तर तो फोटोवाल्याकडे बघून हसत होता. तिने समोरचा एक रातांबा उचलला. फेकून मारायला असेल. अंगठे दाबले गेले. फट. दोन वाट्या झाल्या. तिने बिया काढल्या, साल पातेल्यात टाकली. लहानपणी मामाकडे शिकलेले हात. त्यांना कोणी सांगावं लागलं नाही.

"मी घरी मरमर मरते—"

फट.

"दुधी किसते. मशीन लावते. कुंड्या—"

फट.

"तर हा इथे येऊन—"

फट.

"आणि लॅबमध्ये लोक. रिपोर्ट यायला उशीर झाला की शिव्या मला. रक्त काय मी बनवते?"

दिशा खुदकन हसली. म्हातारी जागी झाली, काय झालं म्हणून विचारलं, परत पेंगली. दर्शना बोलत होती. विनीतवरून लॅबवर आली, लॅबवरून सासूच्या गोळ्यांवर, गोळ्यांवरून जिन्यात चपला पसरणाऱ्या खालच्या मजल्यावरच्यांवर. चपलांनंतर काही सुचेना. जुळवून आणलेली वाक्यं आठवेनात. बोटाच्या चिरेत आंबट रस झोंबत होता आणि ते बरं—

फट.

फट.

समोरच्या कंपनीचा भोंगा झाला. कोणी मान वर केली नाही.

मग बाइक थांबली. विनीत पायरीशी आला, तिला पाहून थबकला. चेहरा पकडला गेल्यासारखा झाला, खरं तर पकडण्यासारखं काही नसताना.

"तू? इथे?"

"ये, ये," दिशा सरकत म्हणाली. "वहिनी, जरा त्याला बसायला द्या."

दर्शना सरकली नाही. तिने वर पाहिलंही नाही.

"आज जागा नाही," ती म्हणाली. "घरी जा. आईंना गोळी दे, कुकर लाव."

विनीत उभाच राहिला. त्याने दिशाकडे पाहिलं. दिशा बियांकडे पाहत होती.

"मग उद्या?" त्याने हळूच विचारलं.

दर्शनाने रातांब्यांचा ढीग दोन्ही हातांनी स्वतःकडे ओढून घेतला.