कडक कमानी

संस्थान विलीन झालं त्याच महिन्यात सरदार यज्ञेश्वररावांनी आपली विलायती स्पोर्ट्स कार आणखी खाली बसवून घेतली. चाकांवरच्या स्प्रिंगांच्या कमानीही बदलून दगडासारख्या कडक घातल्या.

"सरकार, आपकी कमर टूट जाएगी," मुश्ताक मिस्त्री म्हणाला.

"और नीचे ले."

मणक्याला एक जरी हिसका बसला तरी कायमचे अंथरुणाला खिळाल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. थोरली बहीण अक्का फाटकात आडवी उभी राहिली. "या वयात कुणाशी शर्यत लावतोस रे, यज्ञू?"

सरदारांनी नुसता हॉर्न वाजवला.

देवास गेटपर्यंत प्रत्येक खड्डा त्यांच्या पाठीत शिरला. चौकात नवे कलेक्टर उभे होते. सरदारांनी गाडी त्यांच्यापाशी थांबवली, पण उतरले नाहीत. आणि बोलले तेही इतकं हळू की ऐकूच येईना. कलेक्टरसाहेब कमरेत वाकले, आणखी वाकले, आणि डोकं खिडकीपाशी आणून म्हणाले, "जी, फरमाइए?"

सरदारांना चौघांनी उचलून घरी आणलं. पलंगावर पडल्या पडल्या ते कण्हत म्हणाले, "अक्का, संस्थान गेल्यावरचा पहिला मुजरा. तोही भर चौकात, कलेक्टरचा!"