उंदराची ओढ

उंदरांवर प्रयोग करण्यात हयात घालवलेल्या प्राध्यापकमहाशयांचा प्रयोग अखेर एकदाचा फत्ते झाला. घरी आले ते तरंगतच. निदान आज तरी बायकोने तोंडभरून कौतुक करावं, एवढीच त्यांची माफक अपेक्षा होती. ती टीव्हीसमोर भाजी निवडत बसली होती.

"अगं, घंटा वाजली की आपली जोडीदारीण येणार, हे आमच्या उंदराला पक्कं कळलंय. नुसती घंटा ऐकली, तरी पुढ्यातलं खाणं टाकून दाराकडे धाव घेतो बिचारा."

बायकोने मान वर केली नाही. "दोघं एकाच पिंजऱ्यात राहतात का हो?"

"छे, छे. पिंजरे वेगवेगळे. दिवसातून पाचच मिनिटं भेटवतो."

"तरीच," बायको म्हणाली आणि तिने टीव्हीचा आवाज जरा वाढवला.