दिवा लागला का?

तोंगियाने माइकसमोर उभं राहून "एक, दोन, तीन" म्हटलं आणि चर्चच्या मागच्या टोकाला ठेवलेल्या मिक्सरकडे तो धावला. आवाज पेलवेना झाला की मिक्सरवर क्षणभर लाल दिवा लागतो. तो पोचेपर्यंत दिवा लागून विझला असला, तरी कळायला मार्ग नव्हता. साठी उलटलेल्या माणसाने शनिवारच्या दुपारी रिकाम्या चर्चमध्ये अशा किती फेऱ्या माराव्यात? चार झाल्या होत्या.

उद्या चर्चला शंभर वर्षं पुरी होणार होती. न्यूए बेटावर तालमीला बायका लाजत लाजत गातात आणि रविवारी नव्या टोप्या घालून आल्या की छप्पर उडवतात. तालमीच्या आवाजावर गेनचं, म्हणजे माइकचा आवाज वाढवायचं बटण ठेवलं की फजिती ठरलेली. ईस्टरला तेच झालं होतं. कर्ण्यांतून पत्रा फाटल्यासारखा आवाज आला आणि पाद्रीबुवांनी प्रार्थना थांबवून सगळ्यांदेखत तोंगियाकडे पाहिलं.

पूर्वी माइकसमोर त्याची बायको उभी राहायची. लिनेता गायची नाही, त्याला झापायची. तारोच्या कंदांच्या वाफ्यातलं तण, गळकी टाकी, त्याच्या बहिणीचा स्वभाव, सगळं बेंबीच्या देठापासून. तिच्या आवाजाला दिवा लागला नाही, की रविवारी अख्ख्या गावालाही लागत नसे.

दोन वर्षांपूर्वी ती मुलीच्या बाळंतपणाला ऑकलंडला गेली. तीन महिन्यांसाठी. शंभरीला नक्की येते, असं म्हणाली होती. काल विमान आलं, त्यातून ती नाही, तिने पाठवलेला मांसाच्या डब्यांचा खोका उतरला.

पाचव्या फेरीआधी त्याने तिला व्हिडिओ कॉल लावला. ऑकलंड तारीखरेषेच्या पलीकडे, न्यूएच्या एक दिवस पुढे.

"तू नुसता दिवा बघ. मी ओरडतो."

"मी रविवारचं जेवून आडवी झालेय, म्हाताऱ्या. आमचा रविवार संपत आला आणि तुझा अजून उजाडायचाय."

"बघतेस का?"

"ठेव फोन. बघते."

त्याने फोनचा आवाज पूर्ण वाढवला, दिवा दिसेल असा तो भजनांच्या पुस्तकाला टेकवून ठेवला आणि माइककडे गेला.

"एक, दोन, तीन."

"हा काय आवाज झाला? आजारी कोंबडी बरी."

"एक! दोन!"

"लाल नाही, हिरवाच आहे. पोटातून काढ ना. मी काढायचे तसा."

तोंगियाने जन्मात आवाज चढवला नव्हता. घरात तशी वेळच आली नाही, दोघांच्या वाटचं ती एकटी बोलायची. आता ओरडायचं तरी काय? त्याने वाफ्यातलं तण आठवून पाहिलं, गळकी टाकी आठवून पाहिली. टाकी त्याने कधीच दुरुस्त केली होती. त्याने माइकची दांडी दोन्ही हातांनी धरली.

"लिनेता, तू परत कधी येणार आहेस?"

कर्णे खरखरले. खिडक्यांच्या काचा थरथरल्या.

तिकडून उत्तर यायला नेहमी दोन क्षण लागत. ते गेले.

"लागला," लिनेता म्हणाली. "लाल लागला. बटण खाली घे."

तो मागे गेला. फोनच्या पडद्यावर तिचा चेहरा नव्हता, मुलीच्या घराचं पांढरं छत होतं. त्याने बटण थोडं खाली घेतलं.

"जा परत," छताखालून आवाज आला. "तेच विचार. तेवढ्याच जोरात."

तो गेला आणि त्याने तेच विचारलं, तेवढ्याच जोरात. या वेळी कुठे खरखर नव्हती. प्रश्न स्वच्छ निघाला आणि रिकाम्या बाकांवरून शेवटच्या बाकापर्यंत गेला.

"लागला का?" तोंगियाने विचारलं.

"नाही," लिनेता म्हणाली. "आता कितीही जोरात विचारलंस, तरी लागणार नाही."