दारातला फोटो

सकाळी उठल्यावर चांगदेव खाटेवर बसूनच दाढी करतो. मग डाव्या गुडघ्याखाली जिथे पाय संपतो तिथे पावडर लावतो आणि वर सुती मोजा चढवतो. मोज्याला एकही सुरकुती राहू देत नाही; राहिली तर दुपारपर्यंत तिथे फोड येतो. त्यानंतर कृत्रिम पाय बसवून पट्टे आवळायचे आणि वरून इस्त्रीची पँट. चंद्रा चहा घेऊन येते तेव्हा तो दाराशी सरळ उभा असतो. समोरच्या लूमच्या कारखान्याची रात्रपाळी सुटलेली असते. बाहेर पडणारे कारागीर ‘सलाम, फौजी चाचा’ म्हणत जातात. चाचांचा कोणता पाय खोटा, यावर त्यांच्यात पैजा लागतात.

त्या दिवशी त्याने बूटही घातले, कारण पाहणी होती. पाहणीला साहेब येणार म्हटल्यावर माणसाने कसे उभे राहायचे, हे तो पलटणीत शिकला होता आणि दुसरी कुठली रीत त्याला ठाऊक नव्हती.

अपंग माजी सैनिक म्हणून घरपट्टी माफ व्हावी, असा अर्ज त्याने केला होता. नवी आकारणी पेन्शनीत भागत नव्हती. माफी मिळाली नाही, तर पुढची खोली समोरच्या खालिद लूमवाल्याला सुताच्या गोण्यांसाठी भाड्याने द्यायची आणि दोघांनी माळ्यावर राहायचे, असे ठरले होते. मागे चूल आणि मोरी, एवढीच जागा होती. माळ्याला उभी लोखंडी शिडी होती. कृत्रिम पाय तिच्या दांड्यांवर टिकत नसे.

करनिरीक्षक हितेश तरुण होता, वागायला नम्र. त्याने खोली मापायला घेतली.

‘काका, जरा टेपचं टोक धरता?’

चांगदेवने टोक धरले. तो भिंतीशी वाकला, उंबरा ओलांडून ओट्यावर गेला, खणखणीत आवाजात माप सांगितले.

‘झालं. आता अर्जदारांना बोलवा.’

‘मीच अर्जदार.’

हितेशची नजर त्याच्या बुटांपर्यंत जाऊन परत आली. ‘म्हणजे पाय...?’

‘डावा. एकाहत्तरला, सुरुंगावर.’

‘अरे बापरे! कळतच नाही हो!’

चांगदेव किंचित हसला. हे ऐकण्यासाठीच त्याने इतकी वर्षे चाल घोटली होती.

‘घ्या!’ चंद्रा चुलीकडून म्हणाली. ‘आता त्या कवतिकावरच माफी लिवून देतील तुमाला.’

हितेश ओशाळला. ‘काकी बरोबर बोलतायत. लष्कराचं प्रमाणपत्र आहे, पण पाहणीत दिसलं ते मला लिहावं लागतं. आधाराशिवाय चालतात, वाकतात, असं लिहिलं की अर्ज तिथेच संपला. अपंगत्व दिसेल असा फोटो जोडला तर निभेल. पाय काढून दारात बसा.’

‘आत काढा की फोटो,’ चांगदेव म्हणाला.

‘घरनंबर चौकटीवर आहे ना. दोन्ही एकाच फोटोत लागतात.’ त्याने पिशवीतून लहानसा कॅमेरा काढला. ‘आणि काका, लपवून तरी काय? मंजूर नावांची यादी फोटोंसकट कार्यालयाबाहेर लावतात. कोणाची हरकत असली तर म्हणून.’

चंद्राने खुर्ची आणून उंबऱ्यावर ठेवली. चांगदेव बसला. समोर चहाच्या टपरीवर दोनचार कारागीर रेंगाळत होते.

‘चाचा का फोटो निकल रहा है! चाचा, टोपी पहनो, टोपी!’

‘काढा ना वो,’ चंद्रा हळूच म्हणाली. ‘मी न्हाय का बघत रोज?’

‘तू बघतेस.’

त्याने पँट गुडघ्यावर दुमडली. पहिला पट्टा सोडला. टपरीवरची बडबड थांबली. हितेश उगाचच चौकटीवरचा नंबर पाहत राहिला.

चांगदेवने सुटलेला पट्टा पुन्हा आवळला, पँट खाली ओढली आणि तो उभा राहिला.

‘असाच काढा.’

‘असा काढून काय उपयोग, काका?’

‘तर मग काढू नका.’

‘अवो, ताठा कुनाला दाखवताव?’ चंद्राचा आवाज चढला. ‘ती शिडी काय तुमचा ताठा चढनार हाय?’

तो दारात तसाच ताठ उभा राहिला.

‘मी पुढच्या आठवड्यात परत येऊ शकतो,’ हितेश म्हणाला. ‘विचार करा.’

‘नको,’ त्याच्याकडे बघत चंद्रा म्हणाली. ‘तुमाला दिसलं तेच लिवा, साहेब. खोटं कायच न्हाय त्यात.’

हितेशने कॅमेरा पिशवीत ठेवला. मग भिंतीला कागद टेकवून त्याने ‘आधाराशिवाय चालतात, वाकतात’ असे लिहिले.

दुपारी चांगदेव खालिदच्या कारखान्यात गेला. लूमच्या खडखडाटात दोघांना ओरडून बोलावे लागले.

‘अरे दादा, मार्च संपू दे, घरपट्टी तेव्हाच भरायची ना! मी कुठे पळतोय?’

‘गोण्या आजच पाठव.’

संध्याकाळपर्यंत हमालांनी पुढची खोली छतापर्यंत भरली. शिडीपाशी जाण्यापुरती वाट तेवढी राहिली. हमाल गेल्यावर चांगदेवने दार लावून कडी घातली. शिडीच्या पायथ्याशी जमिनीवर बसून त्याने पट्टे सोडले आणि पाय चंद्राच्या हातात दिला. मग दांडे धरून, एका पायावर उड्या घेत, हातांवर अंग ओढत तो वर चढला. माळ्यावर पोहोचल्यावर तो पालथाच पडून राहिला. श्वास जागेवर आल्यावर त्याने हात खाली केला.

‘दे.’

‘थांबा.’ पायाला, बुटाला सुताची लव चिकटली होती. चंद्राने ती पदराने पुसली, पट्ट्यांच्या खाचांतूनसुद्धा काढली, आणि पाय वर दिला.