ऐन उन्हाळ्यात मोजा

"मॅडम, तुम्ही ऐन उन्हाळ्यात मोजा," दादा म्हणाला. "आत्ता थंडीत मोजाल तर ओल लागणारच. नदीकाठ आहे, वाळवंट नाही."

पाणी-तपासणीच्या बाईंनी चिखलात रुतलेला बूट ओढून काढला. नदीलगतच्या त्या खालच्या तुकड्यात लव्हाळे कमरेइतके वाढले होते. त्यांच्या मुळांखाली खडीचा चांगला जाड थर होता. तो काढायला दादा आणि त्याच्या धाकट्या भावाने मिळून खाणीचा अर्ज केला होता.

"उन्हाळ्यात मोजेन," बाई म्हणाल्या. "पण मग तो आकडा शेवटचा. भर उन्हातही हातभर खोलीच्या आत पाणी लागलं, तर ही जागा पाणथळ. खाण विसरायची."

"कबूल! उन्हाळ्यात ठणठणीत कोरडी असते हो. धूळ उडते धूळ."

धाकट्याने दादाकडे कौतुकाने पाहिलं. डोकं असावं तर असं!

घराच्या वाटणीवरून या दोघांचं एवढं फाटलं होतं, की आई गेली तेव्हा धाकटा पाहुण्यासारखा येऊन गेला. मग शहरातलं त्याचं दुकान बुडालं आणि त्याला खडीची आठवण झाली. आता तो दर आठवड्याला यायचा, दादाच्या शेजारी बसून जेवायचा, जुन्या खोड्या काढून हसायचा. दादा नुसता हरखून गेला होता. भाऊ परत मिळाला, आता त्याला कशालाही नाही म्हणायचं नाही, असं त्याने ठरवूनच टाकलं होतं.

वहिनीच्या मते दोघांचीही अक्कल चरायला गेली होती.

बाई घरी पाणी प्यायला थांबल्या, तेव्हा तिने सरळच विचारलं, "खाण झाली तर माझ्या विहिरीचं काय?"

"खड्डा खोल गेला की त्यात पाणी येणार. ते पंपाने उपसत राहणार. तुमची विहीर जवळ आहे, तिचंही पाणी तिकडे ओढलं जाईल."

"म्हणजे आटेल."

"बहुतेक. शिवाय पुराचं पाणी आज त्या लव्हाळ्यांत पसरतं, जरा दम खातं. तिथे खड्डा केला तर एखाद्या पुरात नदी सरळ त्यातच घुसेल. मग काठ कुठवर टिकेल, सांगता येत नाही."

"ऐकलंत?" वहिनी दादाकडे वळली.

"ऐकलं. पाणी काय, टँकरनेही येतं."

ही विहीर वहिनीचा जीव की प्राण. तिच्यावरच तिने परसातली फळझाडं वाढवली होती. तिने पेला आपटला आणि आत निघून गेली. त्या दिवसापासून दादाशी तिचं बोलणं कामापुरतं उरलं. जेवायला या. दार लावा. झालं.

बाईंनी पाण्याची पातळी मोजायला तुकड्यात नळ्या पुरल्या. दादाने त्या स्वतः खांद्यावरून वाहून नेल्या. धाकटा मात्र जाताना थोडा घुटमळला.

"दादा, बाबांनी वरच्या कालव्यापासून पाइप पुरला होता ना रे, या तुकड्याला पाणी द्यायला?"

"होता की."

"त्यातून झिरपत नसेल ना? पंपघरातला कॉक घट्ट बंद कर बाबा. उगाच घोळ नको."

"अरे, मी आहे ना. तू कशाला काळजी करतोस?"

आणि खरंच, दादा रोज संध्याकाळी पंपघराकडे फेरी मारू लागला. "कॉक बघून येतो," म्हणायचा.

"एवढी काळजी कधी माझी केली असती तर!" वहिनी भिंतीला ऐकवायची.

उन्हाळा कडक निघाला. नदी पार काठ सोडून मधोमध गेली. बाई आल्या, त्यांनी नळीत टेप सोडला, वर ओढला आणि ओल्या खुणेकडे पाहिलं. पाणी जेमतेम वीतभर खाली होतं.

"शक्यच नाही!" दादा ओरडला. "पुन्हा मोजा!"

बाईंनी पुन्हा मोजलं. सगळ्या नळ्यांत तेच. दादाने कपाळावर हात मारला आणि बांधावर मटकन बसला.

"मॅडम, काहीतरी करा हो. माझ्या भावाच्या पोटाचा प्रश्न आहे."

"तुम्हीच कबूल केलं होतं, आकडा शेवटचा," बाई शांतपणे म्हणाल्या. "पाणथळ आहे. खाण होणार नाही."

धाकट्याचं तोंड एवढंसं झालं.  मग तो येऊन दादाच्या शेजारी बसला.

"जाऊ दे, दादा. माझ्यासाठी तू वहिनीशी वैर घेतलंस. सख्खा भाऊ असावा तर असा." त्याने बाहीने डोळे पुसले. "खाण नाही तर नाही. दुकानाचं बघेन काहीतरी. सुट्टीत पोरांना घेऊन येतो, चालेल ना?"

"चालेल काय विचारतोस, गाढवा," दादा म्हणाला आणि त्याचेही डोळे भरून आले.

धाकट्याची गाडी वळणाआड जाईपर्यंत दादा हात हलवत राहिला. मग तो पंपघरात गेला. दोन्ही हातांनी जोर लावून त्याने कॉक फिरवत फिरवत पार बंद केला. भिंतीतल्या पाइपाची खळखळ हळूहळू थांबली.

तो बाहेर आला तर वहिनी परसात उभी होती. कितीतरी दिवसांनी तिचा आवाज मऊ झाला होता.

"फार मनाला लावून घेऊ नका," ती म्हणाली. "गेली खाण तर गेली."

"मनाला कसलं लावून घेतोय?" दादाने गंजाने माखलेले हात सदऱ्याला पुसले. "त्या जमिनीवर मी हिवाळ्यातच पाणी सोडलं होतं."