बाथरूममधली पेटी

बेडूकबाई स्टुलावर चढून बाथरूमच्या भिंतीवरची पेटी काढायला लागली, तेव्हा ऑपरेटरबाई चहाचा कप घेऊन दारातच उभ्या होत्या.

"आधी चहा घे," त्या म्हणाल्या. "पेटी कुठं पळून जात नाही."

पण पेटी जाणार होती, आणि तेच सांगणं बेडूकबाईच्या जिवावर आलं होतं. तिला चांगलं नाव होतं, पदवी होती, गळ्यात संशोधन संस्थेचं ओळखपत्र होतं. पण गल्लीनं तिला बेडूकबाई करून टाकलं त्याला इलाज नव्हता. ऑपरेटरबाईंचंही तेच. टेलिफोन एक्स्चेंज बंद होऊन जमाना झाला, तरी गल्लीला त्या ऑपरेटरबाईच.

बेडूक म्हणाल तर अंगठ्याएवढा. मूळचा इथला नव्हेच, खालच्या उष्ण मुलखातला. पूर्वी या गावात थंडीत नळातलं पाणी गोठायचं, तिथं याची काय टाप होती येण्याची! आता हिवाळा नावापुरता उरला, आणि हा गडी भाजीच्या ट्रकमधून की रोपांच्या कुंड्यांमधून, कसा कोण जाणे, येऊन ऑपरेटरबाईंच्या बादलीमागं ठाण मांडून बसला. गावातला पहिलाच. त्याचं ओरडणं ऐकून गल्ली हसली, संस्था मात्र धावत आली. आवाज टिपणारी पेटी भिंतीवर लागली, तिचा बारीक हिरवा दिवा लुकलुकायला लागला. बेडूकबाई महिन्याच्या महिन्याला यायची, बॅटरी बदलायची आणि गाडी चुकेल म्हणत पळायची. चहा नेहमी पुढच्या खेपेला.

आज तिनं एकदाचं सांगून टाकलं. बेडूक आता गावभर झालाय. शाळेच्या टाकीत, दवाखान्याच्या अंगणात, गटारात, कुठं म्हणून नाही? त्यानं इथं संसार थाटलाय हे आता वेगळं दाखवायला नको. पेटी डोंगरावरच्या गावात न्यायची होती. तिथं अजून थंडी टिकून होती. बेडूक पोचायच्या आत पेटी पोचायला हवी होती.

ऑपरेटरबाईंनी समजूतदारपणे मान हलवली आणि लगेच घासाघीस सुरू केली. त्यांचा बेडूक म्हणे बाकीच्यांसारखा नाही, पहाटे वेगळ्याच सुरात ओरडतो. पेटीवरची धूळ त्या स्वतः पुसतात. तिला वाफ लागू नये म्हणून हल्ली अंघोळसुद्धा गार पाण्यानं करतात. बेडूकबाईला हसू आलं, मग वाईट वाटलं.

"आणि गुडघ्याचं म्हणशील तर," ऑपरेटरबाई पुढं म्हणाल्या, "शेवटी दुसऱ्या डॉक्टरच्याच गोळ्या लागू पडल्या. पहिल्याचं नावच काढू नकोस."

बेडूकबाईला गुडघा माहीत नव्हता आणि पहिला डॉक्टरही माहीत नव्हता. शिवाय या आपल्याला अगं-तुगं कधीपासून करायला लागल्या? पहिल्या खेपेला तर अहो-जाहो होतं. तोवर बोलणं बहिणीवर गेलं. ती मुलाकडं राहायला गेली ती गेलीच, फोन नाही की काही नाही, तुला म्हटलं होतं ना, तसंच झालं बघ. सगळं मधूनच सुरू होत होतं, कालच्या गप्पा आज पुढं चालू केल्यासारखं.

"मावशी," बेडूकबाईनं स्क्रू पिळता पिळता थांबून विचारलं, "हे तुम्ही मला कधी सांगितलंत?"

ऑपरेटरबाईंनी पेटीकडं बोट दाखवलं. रोज सकाळी सांगत होत्या, अंघोळीच्या आधी. आणि संध्याकाळी करमेनासं झालं की पुन्हा एकदा. दिवा लागलेला असायचाच. त्यांची सगळी नोकरी अशाच दिव्यांसमोर गेली होती; दिवा लागला म्हणजे लाइनवर पलीकडं माणूस आहे, यात शंका घेण्यासारखं त्यांना काही दिसलंच नव्हतं. तेव्हा ऑपरेटरनं फक्त जोडून द्यायचं, आपण बोलायचं नाही, असा दंडक होता. आता कोणी रागावणारं नव्हतं, म्हणून बोलत होत्या.

बेडूकबाई स्टुलावरून खाली उतरली. थाप मारून वेळ निभावता आली असती, मारावी असं वाटलंही. पण तिच्या तोंडून खरंच निघालं. पेटी फक्त बेडकाचा आवाज ठेवते. माणसाचं बोलणं आलं की ते आपोआप पुसलं जातं. कोणाच्या घरातलं कोणी ऐकू नये म्हणून तसा नियमच आहे.

"म्हणजे काहीच नाही पोचलं?"

"काहीच नाही, मावशी."

ऑपरेटरबाई लाजल्या. मोठ्या माणसाचं हसं व्हावं तसा त्यांचा चेहरा झाला. त्यांनी बाथरूमभर एकदा नजर फिरवली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्यांना घरात एकटं वाटलं.

मग त्यांनी चाचरत विचारलं, की उन्हाळ्यातल्या त्या सकाळचंही नाही का पोचलं? त्या इथंच, याच फरशीवर घसरून पडल्या होत्या. पाय उचलेना. दुपार कलल्यावर कशाबशा नळाला धरून उभ्या राहिल्या. तोवर पेटीकडं तोंड करून हाका मारत होत्या.

बेडूकबाईला ती सकाळ माहीत होती. त्या दिवशी दुपारपर्यंत बेडूक एकदाही ओरडला नव्हता. असं का व्हावं, यावर ऑफिसात बराच काथ्याकूट झाला होता, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून उकाड्यावर खापर फोडलं होतं.

"मी त्यानंतर आले होते की," ती म्हणाली. "तेव्हा का नाही बोललात? रागावला नाहीत माझ्यावर?"

"अगं, त्यात काय रागवायचं," ऑपरेटरबाई उलट तिचीच समजूत काढत म्हणाल्या. "मला वाटलं, कामात असशील."