रस्त्यावरची तूर

हे मी लिहिणारच नव्हतो. कोणी मेलं नाही, कोणाचं चालान फाटलं नाही, मंग लिहायचं काय? तरी लिहून राहिलो.

शहाऐंशीचा फेब्रुवारी. सौंसरहून संत्रा भरून आमचं मेटाडोर नागपूरला निघालं होतं. गाडी गुणवंताच्या हातात, पेट्या उतरवायला मी बाजूला. बाराच्या आत मंडीत पोचलं तर हर्राशीत, म्हणजे लिलावात, भाव लागतो, म्हणून गुणवंताचा पाय खालीच दाबलेला असतो. वर यायचा तो एकाच जागी, लोधीखेड्याच्या अलीकडे, देवकाबाईच्या घरापुढे. तिथं महिनाभरापासून रस्त्यावर तूर पसरलेली. आमच्याकडे पसरतातच. गाड्या वरून गेल्या की दाणा मोकळा होतो. पण चाक घसरतं, म्हणून सगळेच ड्रायव्हर तिथं ब्रेक मारतात.

त्या सकाळी तिथं मोतीराम हवालदार उभा होता. बगलेत 'वाहन धीरे चलाएँ'चे पर्चे, दोन्ही हातांत तुरीचा भारा. समोर देवकाबाई. आम्हाला थांबावं लागलं.

"उचल बाई हे. काल मोहगावचा मास्तर इथं फटफटीवरून घसरला. हात मोडला त्याचा."

"दोन दिवस राहू द्या जी. दाणा निघाचा आहे अजून."

हवालदारानं भारा खाली ठेवून एक शेंग दाबून पाहिली. मग दुसरी. मग खाली बसून मूठभर चाळल्या.

"हे तं नुसतं कुटार आहे. दाणा कुठी आहे?"

देवकाबाईनं पदर ठीक केला. "दाणा मागच्या महिन्यातच घरात गेला."

"मंग हे काऊन पसरवून राहिली?"

तिनं रस्त्यापलीकडे बोट केलं. तिचा म्हातारा, चिंधू, बैलाला पाणी पाजून येत होता. त्याला काहीच ऐकू येत नाही. गोठा इकडे, विहीर तिकडे. दिवसाच्या चार खेपा.

"म्हातारा दिसला तं गाडीवाला हार्न वाजवते," ती म्हणाली. "तूर दिसली तं ब्रेक मारते."

बोलली हवालदाराशी, पाहत होती गुणवंताकडे. गुणवंता स्टिअरिंगवरची धूळ पुसायला लागला.

"सोमवारी अन् गुरुवारी मी इथं शिट्टी घेऊन उभा राहीन," हवालदार म्हणाला. "पर्चेही वाटतो."

"पर्चा वाचाले गाडीवाला थांबते का जी? अन् बाकीचे दिवस काय करू, बुढ्याले खुंट्याले बांधू?"

हवालदाराला हसू आलं, पण भारा त्यानं रस्त्याखाली टाकलाच. त्याचंही चूक नव्हतं, मास्तरचा हात मोडलाच होता.

चिंधू आला. बैल बांधला. हवालदारसाहेब एकटेच तूर उचलून राहिले हे पाहून तोही वाकला. उरलेल्या तुराट्या त्यानं एकेक करून उचलल्या, फडा आणून कुटार झाडलं. रस्ता लख्ख केला. मग कमरेवर हात ठेवून साहेबाकडे पाहून हसला. देवकाबाई घरात निघून गेली.

आम्ही निघालो. पुढचा पूल लागला. गुणवंता म्हणाला, "उद्या रस्ता साफ दिसन बे. पाय आपोआपच दाबते माझा. मले माहीत आहे."

"हळू कर ना मंग."

"दोन दिवस करीन. तिसऱ्या दिवशी हर्रास आठवन."

तो खोटं बोलत नव्हता.

"असं कर," मी म्हणालो, "उद्यापासून तिच्या घराच्या अलीकडे मले उतरवत जा. मी रस्त्याच्या मधून पायी चालतो पुलापर्यंत. तू मागून ये."

"पागल झाला का? भाव जाईन ना."

"जाऊ दे. मी रोज उतरीन, गुणवंता. तू नाही म्हणशील तरी उतरीन."